चार वाजताची खुर्ची

सोमवार, ९ मार्च २०२०
रॉटरडॅम

पुण्याहून आणलेली वही आज उघडली. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा तक्रार विभागात. सहजीवन सोसायटीची सेक्रेटरी तर बावीस वर्षं आहे. लेखी ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

जानेवारीत मी प्रांजलीकडे तीन महिन्यांसाठी आले. ती डेल्फ्टच्या विद्यापीठात संशोधन करते आणि जावई आशुतोष बंदरातल्या कंटेनरवाल्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. घर नदीच्या दक्षिणेला, म्हणजे झाउडला, दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका उभा की पुढे चढणाऱ्याच्या टाचा नाकाला लागतात.

काल कापेलला, नदीपलीकडच्या उपनगरात, मृदुला आणि श्रीकांतकडे जेवायला गेलो होतो. मृदुला प्रांजलीची कॉलेजची मैत्रीण. घरामागे बाग, बागेत झोपाळा, शेजारी दोन मराठी घरं. वरण वाढता वाढता म्हणते, "काकू, तुम्ही तरी सांगा हिला. तिकडे झाउडला आपलं कोणीच राहत नाही." माझ्या मुलीच्या वस्तीला नावं ठेवायची तर मी ठेवीन, ही कोण लागून गेली? मी म्हटलं, "अगं, पुण्यातसुद्धा नदीपलीकडे मुलगी द्यायला लोक तयार नसत. आता तिथले भाव विचार." श्रीकांतने विषय बदलला.

खरं सांगायचं तर गल्ली मलाही पसंत नाही. समुद्रपक्षी कचऱ्याच्या पिशव्या फाडतात. कोणीतरी आख्खा सोफा रस्त्यात टाकून गेलंय, तीन दिवस तो पावसात भिजतोय. आणि आमच्या दारासमोरचं ते बाकडं! रोज चार वाजले की तिथे तीन-चार बाप्ये जमतात, सिगरेटी ओढतात, खोखो हसतात, थोटकं तिथेच टाकतात.

आज प्रांजली आंघोळीला गेल्यावर तिचा लॅपटॉप उघडला आणि घरमालक कंपनीच्या वेबसाइटवर रीतसर तक्रार नोंदवली. इंग्रजीत, मुद्देसूद. शेवटी लिहिलं, "सबब सदर बाकडे तेथून कायमचे हलवण्यात यावे." बाकडं हलावं असं माझं काही म्हणणं नाही, थोटकं उचलली गेली तरी पुष्कळ झालं. पण मागताना घसघशीत मागावं, तेव्हा कुठे चिमूटभर पदरात पडतं. अकरा वर्षं मी तो ट्रे पाहिलाय, ज्यात तक्रारी पडतात आणि पडून राहतात.

प्रांजलीला सांगितलं नाही. ती उगाच घाबरते.

बुधवार, १८ मार्च

बाकडं गेलं!

सकाळी गाडी आली, दोन माणसं उतरली, चार बोल्ट काढले आणि बाकडं उचलून नेलं. भोकं बुजवून वर फरश्यासुद्धा बसवल्या. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. मी खिडकीत चहा घेऊन उभी होते, तो तसाच गार झाला.

नऊ दिवसांत! सहजीवनच्या कोपऱ्यावरच्या दिव्यासाठी मी चार वर्षं पत्रं लिहिली, शेवटी दिवा न लागता खांबच पडला. इथे एक अर्ज आणि काम फत्ते. काय माणसं आहेत ही! कोणी विचारायला आलं नाही, कोणी "बघू, करू" म्हटलं नाही.

खोटं कशाला लिहू, छाती फुगली. बाकी जगाचं काही खरं दिसत नाही. शाळा बंद, हॉटेलं बंद, प्रांजली आणि आशुतोष दोघंही घरात बसून काम करतात आणि एकमेकांना "म्यूट कर" म्हणून ओरडतात. दुकानातला टॉयलेट पेपर संपलाय. त्यावर मी काही बोलले नाही, आपलं पाण्यावाचून अडत नाही.

बुधवार, २५ मार्च, पाडवा

विमानं बंद. भारतही बंद. माझं परतीचं तिकीट पंधरा एप्रिलचं होतं, ते गेलं. व्हिसाचं काय, म्हणून आशुतोषने फोन केला. अडकलेल्यांना मुदत वाढवून मिळते म्हणे.

गॅलरीत गुढी उभारली. पडद्याचा दांडा, माझी हिरवी पैठणी, वर स्टीलचा पेला. कडुलिंब नाही मिळाला. तुर्की दुकानातून एवढी मोठी कोथिंबिरीची जुडी आणली आणि तिचीच डहाळी बांधली. देव समजून घेईल.

खाली तळमजल्यावरची कॉरी खिडकीतून वर बघत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, एकटी राहते. तीस वर्षं बंदराच्या कँटीनमध्ये सूप वाढलं हिने, आवाज अजून तसाच आहे. मी आल्या आल्याच जिन्यात मला अडवून नाकाला हात लावून दाखवला होता, तुमच्या फोडणीचा वास येतो म्हणून. तोंडावर! प्रांजली म्हणाली, "आई, इथे असंच बोलतात, मनात काही नसतं." मनात नसतं तर बोलायचं कशाला? तेव्हापासून मी मोहरी जरा जास्तच घालते.

इथले लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत, दिवाणखाना सगळा रस्त्यावर. त्यामुळे कॉरी दिवसभर दिसते. पूर्वी ती चारच्या सुमाराला काठी टेकत बाहेर पडायची. हल्ली खिडकीतच असते. वयस्कर माणसांनी जपायलाच हवं म्हणा.

शुक्रवार, ३ एप्रिल

आज फार वाईट वाटलं. लिहावं की नाही, असं करत दोनदा पेन खाली ठेवलं.

दुकानाबाहेरच्या रांगेत माझ्यामागे जैराम होता. समोरच्या दारात राहतो, टॅक्सी चालवतो, सध्या गिऱ्हाईक नाही म्हणून घरीच आहे. सुरीनामचा. पणजोबांना बिहारकडून उसाच्या मळ्यात नेलं होतं म्हणे. त्याची हिंदी माझ्या आजीच्या काळातली आणि माझी हिंदी पुण्यातली, तरी छान जमलं. मला मौसी म्हणतो. हाच तो सिगरेटवाला, खोखो हसणारा! मास्कमुळे आधी ओळखला नाही.

त्याच्या दोन पिशव्यांतली एक कॉरीची होती. मी म्हटलं, "बरं झालं, म्हातारीला बाहेर पडायला नको." तर म्हणाला, "मौसी, कोरोनाची तिला काय भीती! बाकडं नेलं ना, म्हणून ती बाहेर पडत नाही."

कॉरीच्या दारापासून बाकड्यापर्यंत चाळीस पावलं. एवढीच तिच्या गुडघ्यांची ताकद. तिथे बसायचं, दम खायचा आणि परतायचं. धरून चालायची चाकांची गाडी घ्यायला ती तयार नाही, म्हातारी दिसते म्हणे त्याने. नवरा पीट क्रेन चालवायचा. त्याच्यासोबत ती त्याच बाकड्यावर बसायची, तो गेल्यावर एकटी. जैराम आणि त्याचे मित्र चारला तिथे जमायचे ते तिच्यासाठी. हसणं तिच्या विनोदांवर चालायचं, अर्धे तर चारचौघांत सांगता येण्यासारखे नसायचे.

आणि मुलगा लांब मिडलबर्गला असतो, तो वृद्धाश्रमाचा फॉर्म पाठवून बसलाय. इतके दिवस ती फॉर्म बघायलासुद्धा तयार नव्हती. आता तो टेबलावर उघडा आहे. म्हणते, बाहेर बसताच येत नसेल तर इथे काय आणि तिथे काय! वृद्धाश्रमात सध्या भेटायलाही जाऊ देत नाहीत. आत गेलेलं माणूस आतच.

"कोण्या शहाण्याने तक्रार केली, कोण जाणे," जैराम म्हणाला. मी दुकानाच्या दारातल्या टोपलीतले कांदे निवडत राहिले. नको होते तरी दोन किलो घेतले.

सोमवार, ६ एप्रिल

कंपनीला पत्र पाठवलं, बाकडं परत बसवा म्हणून. बावीस वर्षांत मी एकही पत्र मागे घेतलेलं नाही, हेही घेतलेलं नाही. फक्त फेरविचाराची विनंती केली. दोघांत फरक आहे.

काय करणार, त्यांनी एवढं तडकाफडकी काढावं अशी माझी अपेक्षाच नव्हती. चूक थोडी त्यांचीही आहे.

बुधवार, ८ एप्रिल

उत्तर आलं. दोन दिवसांत! ह्यांना दुसरा उद्योग नाही का? तक्रार नोंदलेली आहे, शिवाय साथ आहे, सबब बाकडं बसणार नाही. पुढे रहिवाशांची बैठक झाली तर विचार करू.

ठीक आहे. ही शामला विद्वांस कोण आहे, ते ह्यांना अजून माहीत नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

चार वाजता घरातली घडीची खुर्ची जिन्यातून खाली नेली. बाकडं जिथे होतं, बरोब्बर तिथे मांडली आणि बसले.

त्याआधी नियम तीनदा वाचले होते. दोन माणसांत दीड मीटर अंतर, एवढंच म्हणणं आहे. दीड मीटर म्हणजे माझे साडेतीन हात. मुलांचे जाड खडू आणले होते, त्यांनी खुर्चीभोवती गोल काढला. नुसता गोल बरा दिसेना, म्हणून पंगतीत पानाभोवती काढतात तशी महिरप काढली. दीड मीटरवर दुसरा गोल, मग तिसरा. लग्नाच्या पंगती मांडल्यात आयुष्यभर, अंतराचं मला कोणी शिकवू नये.

प्रांजली वरून ओरडली, "आई, काय चाललंय? वर ये!" मी म्हटलं, "बसले आहे. बसायला बंदी नाही."

तासभर बसले. थंडीने कानाच्या पाळ्या बधिर झाल्या. कॉरी खिडकीतून बघत होती. तिला दुसरा गोल बोटाने दाखवला, ये म्हणून. तिने मान हलवली, नाही.

मंगळवार, १४ एप्रिल

पाच खुर्च्या! जैराम पहिला आला, प्लास्टिकची लाल खुर्ची घेऊन. थोटकांसाठी डबा मीच नेला होता, तो मुकाट्याने त्याच्यासमोर सरकवला. मग त्याचे दोन मित्र. तिसऱ्या मजल्यावरची पोलंडची बाई कॉफीचा थर्मास घेऊन आली. ती कोणाशी बोलत नाही असं म्हणतात, आज माझ्याशी पाऊण तास बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, पण सासूबद्दल होतं हे नक्की.

नगरपालिकेचे दोन गणवेशवाले सायकलवरून आले. जैराम उठायला लागला, त्याला म्हटलं, "बैठो." खिशातला टेप काढून त्यांच्यापुढे धरला. मापा म्हटलं. त्यातला एक खरंच वाकून मापायला लागला! एक मीटर बावन्न भरलं. अंगठा दाखवून गेले.

फक्त जिच्यासाठी हे सगळं केलं, ती येत नाही. जैरामने तिची खुर्ची आणून देतो म्हटलं, तर त्याच्यावरच खेकसली. रस्त्यावर स्वैपाकघरातली खुर्ची टाकून बसायला मी काय घर सोडून निघाले आहे का, म्हणाली. बाकडं आणा, नाहीतर राहू द्या.

हट्टी कुठची! अशा माणसांशी वागणं फार अवघड असतं.

सोमवार, २७ एप्रिल

आज इथल्या राजाचा वाढदिवस. सगळे नारिंगी कपड्यांत, आपापल्या खिडक्यांत. मीही नारिंगी साडी नेसून बसले, फोटो निघाले.

सहजीवनमधून उल्हास कारखानीसांचा फोन आला. खजिनदार आहेत, मी नाही म्हणून तात्पुरते सेक्रेटरी. म्हणाले, "मॅडम, अजिबात घाई करू नका. निवांत राहा. इकडे सगळं सुरळीत आहे, कोणाची काही तक्रार नाही." बावीस वर्षांत असा एक महिना गेला नाही. नक्की काहीतरी लपवतायत.

आणि सापडलंच! ग्रुपवर भाजीवाटपाचा फोटो टाकलाय, त्यात मागे आंब्याखाली सिमेंटचा नवा कट्टा. मला न विचारता! तिथला जुना कट्टा मी २०११ साली रीतसर ठराव करून फोडून घेतला होता. पोरं जमायची, धुडगूस घालायची. विश्वास संध्याकाळी तिथे बसायचे खरे. पण नंतर ते गॅलरीत बसायला लागले, शेवटपर्यंत तिथेच बसायचे. नवऱ्याची गैरसोय होते म्हणून नियम वाकवणारी सेक्रेटरी मी नव्हते. तेही एका शब्दाने काही बोलले नाहीत.

कारखानीसांना पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या आणि सुचेना. उद्या बघू.

रविवार, १० मे

मृदुलाचा फोन. "काकू, इकडे या ना महिनाभर. बाग आहे, मोकळं वाटेल. तिकडे तुम्ही फुटपाथवर बसता असं प्रांजलीने सांगितलं. बाई गं!"

मी म्हटलं, "मृदुला, तुझ्या बागेत मी बसले तर मला कोण दिसणार? तू आणि झोपाळा. इथे चार वाजता मला सहा देश दिसतात. बंदरातून बोटीचा भोंगा ऐकू येतो. सोफासुद्धा अजून तिथेच आहे, आता मांजर व्यायलीय त्यात. तू ये, तुझ्यासाठी गोल काढते."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी सोफ्याची बाजू घेतली.

बुधवार, २० मे

रहिवाशांची बैठक झाली. ऑनलाइन. नीट क्रमाने लिहिते.

आठवड्यापूर्वीच मी माझी तक्रार मागे घेतल्याची मेल कंपनीला पाठवली होती. होय, घेतली मागे. कोणाला कळणार नव्हतं. तक्रारदाराचं नाव गुप्त असतं इथे, त्यामुळे मला वाटलं, काम होईल आणि अब्रूही राहील. कंपनीने कळवलं, ठीक, आता बैठकीत कोणाची हरकत नसेल तर बाकडं परत.

दिवाणखान्यात लॅपटॉपपुढे प्रांजली, मी बाजूला, पडद्यावर न दिसेलशी. कॉरीही होती. जैरामने मास्क लावून तिच्या खिडकीशी उभं राहून आतल्या बाजूला फोन धरला होता, त्यामुळे तिचं अर्धंच तोंड दिसत होतं. कंपनीचा माणूस बोलला. मग जैरामचा एक मित्र तावातावाने काहीतरी बोलला आणि प्रांजलीचा चेहरा लाल झाला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तक्रार कोणी केली सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने. नाहीतर आमच्या घरातून गेली असेल, आम्ही नवे आहोत म्हणून."

पोलंडची बाई रडायला लागली. रोज थर्मास घेऊन येते बिचारी. आणि माझी प्रांजली, जी दुकानात सुटे पैसे परत मागायला लाजते, ती ताठ बसली आणि खणखणीत आवाजात बोलली. एवढं डच मलाही कळलं. आमच्या घरातून कोणीही तक्रार केलेली नाही, म्हणाली. माझी आईच तर रोज खाली बसते.

मी गप्प राहिले असते तर प्रकरण मिटलं असतं. पण लेक भर सभेत माझ्यासाठी खोटं बोलली होती, आणि ते खोटं आहे हे तिला माहीतही नव्हतं.

लॅपटॉप माझ्याकडे ओढला. वार्षिक सभेत राहते तशी उभी राहिले, त्यामुळे त्यांना फक्त माझं पोट दिसलं असावं. इंग्रजीत म्हटलं, "मी, श्रीमती शामला विद्वांस. नऊ मार्चची तक्रार माझी होती. कोणाशी न बोलता केली. ते चुकलं. बाकडं परत बसवा आणि हे माझ्या नावासकट इतिवृत्तात लिहा."

कंपनीचा माणूस टाइप करत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. जैरामच्या हातातला फोन खाली गेला, पडद्यावर फरशी दिसायला लागली.

बैठक संपल्यावर आशुतोष चहा टाकायला म्हणून स्वैपाकघरात गेला तो आलाच नाही. प्रांजली हळू आवाजात म्हणाली, "आई, बाबांचा कट्टासुद्धा तूच काढलास."

"ठरावाने काढला."

"ते रोज गॅलरीतून त्या जागेकडे बघत बसायचे गं. आठ वर्षं. तुला दिसलं नाही?"

दिसत होतं. मला वाटायचं, ते आंब्याकडे बघतात.

गुरुवार, २१ मे

चार वाजता खाली गेले. येणार नाही असं ज्यांना वाटलं असेल त्यांना वाटू दे. चूक केली, कबूल केली, तोंड लपवणार नाही.

एकही खुर्ची नव्हती. मी बसल्यावर कॉरीने खिडकीतून माझ्याकडे बघितलं, उठली आणि पडदा ओढला. इथे दिवसाउजेडी पडदा कोणी ओढत नाही. तिला पडदे आहेत हेही मला माहीत नव्हतं.

तासभर बसले. रडू आलं, पण पाऊसही होता, त्यामुळे चाललं.

गुरुवार, २८ मे

आठवा दिवस. पडदा बंदच. पोलंडची बाई परवापासून येते. जैराम आज आला, लाल खुर्ची आपटून मांडली आणि अर्धा तास माझ्याकडे पाठ करून बसला. शेवटी म्हणाला, "मौसी, मला येऊन सांगायचं होतंत. मी बाहेर ओढली असती सिगरेट."

"बाहेरच तर ओढत होतास," मी म्हटलं. तो हसला.

कॉरीच्या फॉर्मचं विचारलं. भरला आहे म्हणाला, सही तेवढी बाकी आहे.

मंगळवार, ९ जून

बाकडं आलं! तीच गाडी, तीच दोन माणसं, तेच चार बोल्ट. मी खाली जाऊन उभी राहिले आणि प्रत्येक बोल्ट हलवून बघितला. बाकड्याच्या पाठीवर पिवळा कागद चिकटवलाय, एका वेळी एकच माणूस. असू दे. मी माझी खुर्ची नेते, बाकड्यापासून साडेतीन हातांवर गोल काढते. बाकड्यावर मी बसत नाही, कोणाला बसूही देत नाही. मघाशीच एक टी-शर्टवाला बसायला आला, त्याला उठवला.

पडदा वीतभर उघडा होता. वाऱ्यानेही असेल.

गुरुवार, १८ जून

सव्वातीनला दूतावासाची मेल आली. अकरा जुलैच्या विमानात मुंबईसाठी जागा आहे, आज रात्रीपर्यंत होकार कळवायचा. आशुतोषने टाळ्या वाजवल्या. प्रांजली म्हणाली, "आई, तुझं घर पाच महिने बंद आहे. तुलाही जायचंच असेल ना?" तिचे डोळे भलतंच सांगत होते. मी म्हटलं, जायला हवंच, सोसायटी आहे, कारखानीसांनी काय काय करून ठेवलंय कोण जाणे. ती म्हणाली, "त्यांनी काही बिघडवलेलं नाही, आई. लोक बसतात तिथे आता." मग थोडी वादावादी झाली, नाक पुसणं झालं. घड्याळ बघितलं तर चार वाजून गेलेले! खुर्ची काखोटीला मारून तशीच जिना उतरले, मागून प्रांजली.

बाकड्यावर कॉरी बसली होती.

गुलाबी कोट, ओठांना लाली, काठी आडवी मांडीवर. चाळीस पावलं कधी टाकली कोण जाणे. मी माझी खुर्ची गोलात मांडली. तिचा एक पाय घडीतून सुटेना, तेही कॉरीने बघून घेतलं. मग ती प्रांजलीकडे वळून बोलायला लागली. त्या कँटीनच्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईलसं. समोर जैरामची खिडकी उघडली.

"काय म्हणते?"

प्रांजलीला हसू आवरत नव्हतं. "म्हणतेय, पुन्हा काही तक्रार असली तर माझ्या दारावर थाप मारायची आणि तोंडावर सांगायची. मी फोडणीचं तुला सांगितलं होतं की नाही?"

"बरं. सांग तिला, कबूल. आणि फॉर्मचं विचार."

प्रांजलीने विचारलं. कॉरीने हातानेच टराटरा फाडून दाखवला. मग मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट आपटलं आणि माझ्याकडे बघून अजून एक वाक्य बोलली.

"म्हणतेय, तू आज चार मिनिटं उशिरा आलीस. थंडी पडेपर्यंत मी रोज चारला इथे असेन. उद्यापासून वेळेवर ये."

मला! वेळेवरून! चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदा लेट मार्क नाही, आणि ही बाई, जी तीन महिने खिडकीतून हलली नाही, ती मला घड्याळ दाखवते! असा संताप आला की तासभर तिच्याशी भांडले, मी मराठीत आणि ती तिच्या भाषेत. घरी आल्यावर प्रांजलीला म्हटलं, त्या दूतावासाला आत्ताच्या आत्ता लिही, माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणावं. आणि कारखानीसांनाही कळव, कट्टा राहू दे. मला उद्या चारला काम आहे.